रविवारची शहाळी: आजारी घराला मंडळीने केलेल्या मदतीचा प्रकरण अभ्यास

प्रकरणातील कुटुंब आणि मंडळी ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाबी या एका रुग्णापुरत्या आहेत. पाणी, मीठ आणि फळांचे प्रमाण प्रत्येक रुग्णाचे डॉक्टर व आहारतज्ज्ञ वेगवेगळे ठरवतात.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तिथली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद, शंभर-सव्वाशे कुटुंबांची. त्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, आणि हातावर पोट असलेलेही पुष्कळ. मंडळीत ज्यांना सगळे 'भाऊ' म्हणत ते ५१ वर्षांचे गृहस्थ वायरमन. उपासनागृहातले पंखे, माईक, नाताळची रोषणाई असे सगळे काम वर्षानुवर्षे तेच बघत, बहुतेक वेळा मजुरी न घेता. पत्नी, म्हणजे मंडळीच्या 'वहिनी', कपड्यांच्या कारखान्यात नगावर शिवणकाम करत. मुलगी बारावीला. घरात भाऊंची ७८ वर्षांची आई होती. तिला नीट दिसत नसल्याने घरी एकटे ठेवता येत नसे.

बऱ्याच वर्षांच्या रक्तदाबाने भाऊंची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. डाव्या हातावर फिस्टुला केला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडली, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असे डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणे, सुरू झाले. रुग्णालय ४५ किलोमीटरवर. पहाटे साडेपाचची एसटी, चार तास मशीनवर आणि घरी परतायला दुपारचे तीन-साडेतीन. उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असल्याने डायलिसिसचा खर्च घरावर नव्हता. ही गोष्ट मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हती, आणि पुढचे बरेच काही त्यामुळेच बिघडले.

वहिनींनी आजाराचे पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "प्रार्थनेसाठी सांगू का?" वहिनींनी मान हलवली. त्यांच्या मनात बुधवारची दहा-बारा जणांची प्रार्थना सभा होती. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत भरल्या मंडळीसमोर सांगितले, आजाराचे नाव घेतले आणि 'घराला पैशाची फार अडचण आहे' असेही म्हणाले. हेतूत काहीच खोट नव्हती. मात्र कुठे, कुणासमोर आणि किती सांगायचे हे विचारायचे राहून गेले. या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

अडचण

मंडळी धावून आली. त्याच संध्याकाळपासून भेटी सुरू झाल्या. रोज दोन-तीन गट येत, गीत म्हणत, शास्त्राचा एखादा भाग वाचत, प्रार्थना करत. आल्यागेल्याला चहा द्यायचा ही आपल्याकडची रीत, त्यामुळे वहिनी कामावरून आल्या की स्टोव्हपाशी उभ्या. दूध-साखरेचा खर्च तर वाढलाच, शिवाय पहाटे साडेचारला उठणाऱ्या घरात निजायला साडेदहा-अकरा वाजू लागले.

भाऊंना दिवसभरात पातळ पदार्थ धरून ७५० मिलिलिटर द्रवाची मर्यादा होती. आमटी, ताक, गोळी घेताना प्यालेले पाणी हे सगळे त्यातच. येणारा प्रत्येक गट प्रेमाने म्हणे, "भाऊ, आमच्यासोबत घोटभर घ्या." अर्धा कप म्हणजे साधारण ८० मिलिलिटर. असे पाच अर्धे कप झाले की ४०० मिलिलिटर, म्हणजे निम्म्याहून अधिक मर्यादा नुसत्या चहातच संपते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाच्या अंगात हे पाणी साचते. दोन डायलिसिसच्या मध्ये भाऊंचे वजन साडेतीन ते चार किलोने वाढू लागले. तेवढे पाणी चार तासांत काढायचे तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, घरी आल्यावर माणूस उठून बसू शकत नाही. लोकांना वाटे, आजार वाढतोय. मग भेटीला आणखी लोक येत.

फळांचे याहून गंभीर होते. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे, केळी, मोसंबी नेणे आपल्या अंगवळणी पडले आहे. मूत्रपिंडे चालत नसतील तर या तिन्हींतले पोटॅशियम रक्तात साठते, आणि ते फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार या वेळापत्रकात शुक्रवार ते सोमवार हा सगळ्यात लांब खंड. म्हणजे रविवारी संध्याकाळी रक्तातले पाणी आणि पोटॅशियम आठवड्यात सर्वांत जास्त असते. उपासना, भेटीगाठी, गोडधोड, फळे असा मंडळीच्या मायेचा दिवस नेमका तोच.

कापणीच्या सणाच्या रविवारी हे सगळे एकत्र आले. उपासनेनंतर अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात लोकांनी घेतलेली फळे मोठ्या आपुलकीने भाऊंच्या घरी पोहोचवली. शहाळी तिथेच फोडून दिली. भाऊंना नको म्हणवेना. रात्री तीनला पायांतली ताकद गेली आणि छातीत धडधडू लागले. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी आपल्या टेम्पोतून त्यांना रुग्णालयात नेले. ईसीजीत बदल दिसले, तातडीने इंजेक्शने आणि लगेच डायलिसिस झाले. भाऊ वाचले.

त्याआधीच्या रविवारी आणखी एक घडले होते. मंडळीने जमवलेले ११,००० रुपये वेदीपुढे बोलावून पाकिटात दिले आणि फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. मुलीच्या कॉलेजातल्या दोघी त्याच मंडळीतल्या. सोमवारी वर्गात विचारणा झाली. त्यानंतर ती तरुण संघात आली नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये हे प्रभूचे वचन देणाऱ्याच्या अहंकारासाठी सांगितले जाते. घेणाऱ्याची लाजही त्यात राखली जाते, याकडे इथे कुणी पाहिले नाही.

आणि मग एकदम शुकशुकाट झाला. आपण दिलेल्या फळांनी माणूस जाता जाता वाचला हे कळल्यावर लोक घाबरले, ओशाळले आणि यायचेच थांबले. दोन आठवडे पाळकसाहेबांखेरीज कुणी फिरकले नाही. आधीची गर्दी आणि नंतरची रिकामी पायरी यांतले अधिक कशाने दुखले, तर दुसऱ्याने, असे वहिनी पुढे म्हणाल्या.

समोर असलेले पर्याय

पाळकसाहेबांनी चौघांना बसवले. ते स्वतः, स्त्री मंडळाच्या चिटणीसबाई, मंडळीचे खजिनदार आणि एक निवृत्त परिचारिका, ज्यांना गावात 'सिस्टर' म्हणत.

खजिनदारांचे मत होते की गरीब फंडातून दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. त्यांचा मुद्दा सरळ होता. पैसे दिले की हिशेब राहतो, माणसे दिली की तक्रारी येतात. हे म्हणणे कोरडे वाटले तरी चुकीचे नव्हते. पण उपचार मोफत आहे हे सिस्टरांनी रुग्णालयात विचारून आल्यावर कळले, आणि चर्चा फिरली. घराला खरा तोटा वहिनींच्या बुडालेल्या दिवसांचा होता. त्या नगावर काम करत. आठवड्यातले तीन दिवस भाऊंबरोबर गेल्या की निम्मी कमाई गेली.

दुसरा पर्याय गाडी ठरवण्याचा. जाऊन-येऊन ९० किलोमीटर, एका फेरीचे १,५०० रुपये, महिन्याला तेरा फेऱ्या. म्हणजे साडेएकोणीस हजार. फंडात वर्षाला जेवढे येई ते दोन महिन्यांत संपले असते. हा विषय तिथेच मिटला.

तिसरा, भेटी पूर्ण बंद करून घराला निवांतपणा देणे. चिटणीसबाईंनी विरोध केला. भेटी आपोआप बंद झाल्याच होत्या, आणि त्याला निवांतपणा म्हणणे म्हणजे आपली भीती झाकणे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

सरकारी मदतीचाही विचार झाला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हा २१,००० रुपये होती. वहिनींची कमाई त्याच्या वर जात होती, म्हणून अर्ज करून घराला खोटी आशा लावायची नाही असे ठरले. एसटीची डायलिसिस रुग्णांसाठीची प्रवास सवलत मात्र मिळू शकत होती. ती तोवर कुणी घेतलेलीच नव्हती.

चौथा पर्याय थोड्या माणसांनी, ठरलेल्या वारी, ठरलेले काम करण्याचा. त्यावर चौघांचे जवळजवळ जमले आणि लगेच वार वाटून घ्यायला सुरुवात झाली. सिस्टरांनी थांबवले. "अजून आपण त्या घराला काही विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. बायबलमधला भिकारी बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या यरीहो गावाला दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे. चौघांनी वाटलेले वार खोडले. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हा होता. प्रेषित पौलाने पवित्र आत्म्याच्या फळांत ममता मोजली आहे. तिची सुरुवात देण्याच्या आधी होते, समोरच्याला नेमके काय जड जाते आहे हे समजून घेण्यात.

काय केले

विचारायला चिटणीसबाई आणि सिस्टर दोघीच गेल्या. पुरुष नाही, पाळकसाहेब नाहीत. पाळकांसमोर माणूस 'देवाची कृपा आहे' याच्यापुढे जात नाही. मंगळवार निवडला, कारण डायलिसिसच्या दिवशी घर थकलेले असते. वेळ दुपारची, सासूबाई झोपलेल्या असतानाची. निघण्याआधी फोनवर सांगितले की चहा घेणार नाही, अर्धा तास बसू.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य वापरायचे नाही, असे दोघींनी आधीच ठरवले होते. या वाक्याने मागण्याचे ओझे पुन्हा त्याच घरावर पडते. मोकळ्या प्रश्नाला अपेक्षेप्रमाणे उत्तर आले, "सगळं ठीक आहे." मग सिस्टरांनी नेमके विचारले, "बुधवारी भाऊंबरोबर आमच्यातलं कुणी गेलं, तर तुम्हाला कामावर जाता येईल का?" वहिनी जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग बोलू लागल्या. "तुम्ही सगळे आमच्यासाठी एवढं करता, मी कुठल्या तोंडानं सांगू की रात्री येऊ नका?"

त्यांना चार गोष्टी हव्या होत्या. आठवड्यातून दोन दिवस भाऊंना सोबत. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन सासूबाईंजवळ कुणीतरी. संध्याकाळी सातनंतर भेटी नकोत. आणि मुलीच्या नावाचा पुन्हा कुठेही उल्लेख नको. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. बारावीच्या परीक्षा शुल्काची आणि क्लासच्या राहिलेल्या हप्त्याची गोष्ट सिस्टरांनी विचारल्यावर निघाली.

भाऊंशी पाळकसाहेब वेगळे बोलले. तिथे अनपेक्षित उत्तर आले. "वेदीमागचा बोर्ड कुणी बघितला का? पावसाळ्यात तिथं शॉर्ट होणार." घराच्या चौकटीत बसून ते उपासनागृहाच्या वायरिंगची काळजी करत होते. त्यांच्याकडून घ्यायचे कुणाला सुचलेच नव्हते.

त्यानंतर सात जणांचा गट ठरला. सातही जणांना सिस्टरांनी एका दुपारी पुढच्या गोष्टी शिकवल्या.

– डाव्या हाताला धरून उठवायचे नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही, त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही की सुई टोचू द्यायची नाही. एसटीत चढताना आपण उजव्या बाजूला राहायचे.
– फाइल, योजनेचे कागद, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स एका पिशवीत. ती पिशवी सोबत जाणाऱ्याच्या ताब्यात.
– डायलिसिसआधीचे आणि नंतरचे वजन वहीत लिहायचे.
– सुया काढल्यावर त्या जागेवर सांगतील तेवढा वेळ दाबून धरायचे. वाटेत रक्त आले तर पुन्हा दाबायचे आणि रुग्णालयात परतायचे.
– मशीनवरून उतरल्यावर निदान वीस मिनिटे बसू द्यायचे. एसटी चुकली तरी चालेल. घाईने उभे केले की चक्कर येते.
– निघताना वहिनींना एक फोन. दुसऱ्या कुणाला प्रकृती कळवायची नाही.

बुधवार आणि शुक्रवार गटाकडे आले. सोमवार वहिनींनी स्वतःकडे ठेवला, कारण लांब खंडानंतरचा तो दिवस भाऊंना जड जाई. सासूबाईंजवळ बसायला दोन निवृत्त शिक्षिका आळीपाळीने येऊ लागल्या. त्या शास्त्र वाचून दाखवत, आणि सासूबाईंना तेच सगळ्यात जास्त आवडे.

रविवारच्या उपासनेत जे सांगायचे ते आधी लिहून वहिनींना वाचून दाखवले, आणि त्यांनी एक ओळ खोडायला लावली. शेवटी इतकेच सांगितले गेले: "भाऊंच्या घरी भेटायचे असल्यास मंगळवार, गुरुवार किंवा शनिवारी, संध्याकाळी पाच ते सात. आधी चिटणीसबाईंना फोन करावा. एका वेळी दोघेच. चहा घेऊ नये, खाण्यापिण्याचे काही नेऊ नये." कारण दिले नाही, आजाराचा उल्लेख केला नाही.

लोकांचा हात मात्र काहीतरी द्यायला शिवशिवत होता, आणि तो नुसता अडवून चालत नाही. म्हणून घराला लागणाऱ्या कामांची यादी चिटणीसबाईंकडे ठेवली: दळण आणणे, गॅसची नोंदणी, सासूबाईंची औषधे. एका सुशिक्षित सभासदाने 'तब्येतीला चांगले' म्हणून कमी सोडियमचे मीठ आणून दिले. सिस्टरांनी ते परत केले. अशा मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, आणि भाऊंसाठी ते शहाळ्याइतकेच घातक. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायचे, हे वहिनी आहारतज्ज्ञांकडून शिकल्या.

परीक्षा शुल्क थेट कॉलेजात आणि हप्ता थेट क्लासमध्ये भरला. गरीब फंडाच्या व्हाउचरवर नावाऐवजी क्रमांक, खाली खजिनदार आणि पाळकसाहेब यांच्या सह्या. पावत्या बंद लिफाफ्यात. हिशेब तपासणाऱ्याला रक्कम आणि पावती दिसते, कमिटीला नाव कळत नाही. हिशेबाचा आग्रह धरणाऱ्या खजिनदारांनीच ही पद्धत बसवली. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात रूथ ही गरीब विधवा शेतात धान्य वेचायला येते, तेव्हा शेतमालक बवाज कापणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतून थोडे मुद्दाम गळू द्या आणि तिला धमकावू नका. रूथला वेचता आले, हात पसरावा लागला नाही. मदतीची आखणी कशी असावी याचे इतके व्यवहारी उदाहरण क्वचितच मिळेल.

आणि वेदीमागचा बोर्ड. तरुण संघातल्या दोघांनी भाऊंच्या खुर्चीशेजारी बसून आकृती काढली, कुठली वायर कुठे जाते ते लिहून घेतले. शनिवारी एकाने शिडीवरून फोनच्या कॅमेऱ्यात बोर्ड दाखवला आणि भाऊंनी घरून सूचना दिल्या. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांनी तीनदा वदवून घेतले.

काय झाले

पुढच्या चार महिन्यांत पोटॅशियममुळे तातडीने दाखल करावे लागले नाही. वहीतल्या नोंदींप्रमाणे दोन डायलिसिसमधली वजनवाढ बहुतेक वेळा दोन-अडीच किलोवर आली. पायांत गोळे येणे कमी झाले. वहिनींचे आठवड्याचे दोन दिवस वाचले. एसटीची सवलत रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर सुरू झाली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. सातांपैकी दोघे सहाव्या आठवड्यापर्यंत गळाले. पहाटे साडेपाचची गाडी महिनाभर जमते, पुढे शरीर आणि घर दोन्ही कुरकुरतात. भाऊंचे एक वडीलधारे चुलते फोन करून यायच्या नियमाने दुखावले, "पुतण्याला भेटायला मला चिठ्ठी लागते का?" म्हणाले, आणि पाळकसाहेबांना दोनदा त्यांच्या घरी जाऊन बसावे लागले. मुलगी बारावी पास झाली, पण तरुण संघात परत आली नाही. तिला फोटोबद्दल कुणी समोर बसून क्षमा मागितली नव्हती. फोटो गटावरून काढला होता, तेवढ्यावर भागले असे सगळ्यांनी धरले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या घोषणेआधी तीन प्रश्न पुरले असते: कुणाला सांगू, किती सांगू, पैशाचे बोलू का? उत्तर घराकडून शब्दांत यावे. मान हलवणे म्हणजे होकार समजू नये, विशेषतः बाईने पाळकासमोर हलवलेली.

सिस्टरांना पहिल्याच आठवड्यात बोलवायला हवे होते. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत विधवांना होणाऱ्या अन्नवाटपाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःकडे न ठेवता सात जण निवडायला सांगितले, आणि निवडताना शहाणपण ही अट घातली. आपल्या मंडळ्यांत परिचारिका, औषध दुकानदार, शिक्षक, बँकेतले लोक असतात. आजारी घराकडे जाण्याआधी त्यांतल्या योग्य माणसाला एक फोन करणे ही सवय लावता येते.

गटाची मुदत सुरुवातीलाच ठरवायला हवी होती. सहा आठवडे एक तुकडी, मग दुसरी. डायलिसिस वर्षानुवर्षे चालते. त्याला उत्साहावर चालणारी माणसे पुरत नाहीत. थकलेल्याला सन्मानाने बाजूला होता यावे अशी सोय नव्हती, म्हणून ते दोघे न सांगता गळाले आणि नंतर वहिनींना तोंड चुकवू लागले.

मुलीकडे क्षमा मागायला तिच्या वयाच्या कुणी नव्हे, तर फोटो टाकणाऱ्याने स्वतः जायला हवे होते, आणि लवकर.

गॅरेजवाले शेजारी मंडळीतले नव्हते. त्या रात्रीच्या आधीही त्यांनी दोनदा गाडी काढली होती, आणि पुढेही अपरात्रीची गाडी त्यांचीच राहिली. चौघांच्या बैठकीत त्यांचा विषय निघाला नाही, सातांच्या यादीत त्यांचा फोन नंबर नव्हता, डाव्या हाताबद्दल त्यांना कुणी सांगितले नाही. चार महिन्यांनी वहिनींनीच लक्षात आणून दिले. आता त्यांचा नंबर यादीत सर्वांत वर आहे, आणि फिस्टुलाची काळजी कशी घ्यायची ते सिस्टरांनी गॅरेजवर जाऊन त्यांना आणि त्यांच्या दोन्ही मुलांना दाखवले आहे.